किंमत सांगायची नाही

गेल्या मंगळवारी संध्याकाळी बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मी अमेरिकेतल्या आमच्या गावच्या टीव्ही स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसले होते, आणि कुठल्याही क्षणी रडू फुटेल अशी माझी अवस्था होती. हातात एक कागद होता. मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने सही करायचा. त्यात लिहिलं होतं की कार्यक्रमात वस्तूची किंमत सांगायची नाही, फोन नंबर द्यायचा नाही, ‘मागवा’, ‘या’, ‘विकत घ्या’ म्हणायचं नाही, ‘सगळ्यात उत्तम’ असंही म्हणायचं नाही.

मग मी आले कशाला होते?

सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये घरी खाद्यपदार्थ करून विकायचे तर गावच्या आरोग्य मंडळाचा परवाना लागतो. त्यांचा माणूस घरी येतो, ओटा बघतो, सिंक बघतो, फ्रिज उघडून बघतो. परवाना मिळतो तोही फक्त बाहेर ठेवून न नासणाऱ्या पदार्थांचा. पुरणपोळी बाद, ओल्या नारळाच्या करंज्या बाद. शेवटी मी तीन वस्तूंवर आले: बेसनाचे लाडू, नानकटाई आणि मेतकूट. परवाना हातात यायला माझे सात महिने गेले. त्यानंतर गावच्या वाहिनीवरून फोन आला, ‘तुमच्याबद्दल ऐकलंय, अठ्ठावीस मिनिटांची मुलाखत देता का?’ मी रात्री जागून किमतींचं कार्ड केलं, डब्यांवर लेबलं चिकटवली. पुण्यात आईला फोन करून सांगितलं, आता बघ.

आणि हा कागद.

मी वाद घातला. बऱ्यापैकी घातला. इथे आल्यावर पहिली काही वर्षं व्हिसामुळे मला काम करता येत नव्हतं. एमएस्सीचं सर्टिफिकेट कपाटात आणि मी ओट्यापाशी, हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल की चार पैसे स्वतःचे मिळवण्याची वाट कोणी अडवली की कसं वाटतं. मी म्हटलं, टीव्ही लावला की दर पाच मिनिटांनी औषधाची जाहिरात लागते तुमच्याकडे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाची, आणि मी लाडवाचा भाव सांगितला तर काय बिघडणार आहे? (हे खरंच आहे. अशा औषधांच्या जाहिराती थेट प्रेक्षकांना दाखवायला अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर जवळजवळ कुठेच परवानगी नाही. संध्याकाळच्या बातम्यांत हसणारी आजी-आजोबांची जोडी दिसते आणि मागे एक आवाज भराभर दुष्परिणाम वाचत असतो. मला अजूनही त्याची सवय झालेली नाही.)

माझं सगळं ऐकून घेतलं कॅमेरा लावणाऱ्या एका गृहस्थांनी. सत्तरीचे, निवृत्त, स्वयंसेवक. ते म्हणाले, ‘त्या वाहिन्या कंपनीच्या आहेत. ही गावाची आहे.’ मग माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. ती मी इथे लिहितेय, कारण इतकी वर्षं इथे राहून मला ती ठाऊक नव्हती.

केबल कंपनीला गावातून तारा न्यायच्या तर सार्वजनिक रस्त्यांच्या कडेची जागा वापरावी लागते. म्हणून तिला गावाशी करार करावा लागतो. १९८४ च्या केबल कायद्याने गावांना मुभा दिली की या करारात काही वाहिन्या लोकांसाठी, शाळांसाठी आणि स्थानिक कारभारासाठी राखून ठेवायला सांगा, आणि केबलच्या उत्पन्नातून जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क घ्या. आमच्या गावचा स्टुडिओ असाच उभा राहिलाय. तीन कॅमेरे, एक कंट्रोल रूम, दोन पगारी माणसं, बाकी सगळे स्वयंसेवक. गावात राहणारा कोणीही प्रशिक्षण घेऊन कॅमेरा घरी नेऊ शकतो, स्वतःचा कार्यक्रम करू शकतो. त्यात काय बोलायचं हे केबल कंपनी ठरवत नाही. फक्त विकायचं नाही. ‘बोलायला जागा आहे, दुकानाला नाही,’ असं ते म्हणाले.

मी सही केली. मनातून पटलं म्हणून नव्हे, वेळ झाली होती म्हणून.

आत गेल्यावर दुसरी अडचण. मी नेसले होते हिरवी पैठणी. मागचा पडदा हिरवा, त्यावर नंतर दुसरं चित्र चढवतात, आणि तसं केलं असतं तर माझी साडीही चित्रातच विरून गेली असती. त्यांनी पाच मिनिटांत तो पडदा सरकवून साधी काळी पार्श्वभूमी केली. साडी बदला असं कोणी सुचवलंही नाही. कॉलर माइक पदराला लावला तर मंगळसूत्राचे मणी त्यावर खडखडू लागले. हेडफोन लावून बसलेली मुलगी, बारावीच्या वयाची असेल, बाहेर आली आणि तिने आधी विचारलं, ‘याला हात लावला तर चालेल का?’ मग माइक वर सरकवून खांद्याच्या पिनेपाशी लावला. बांगड्या मात्र काढाव्या लागल्या.

मुलाखत घेणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या, गावच्या लायब्ररीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझं आडनाव स्वतःच्या लिपीत, स्वतःला वाचता येईल असं तोडून लिहून आणलं होतं आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. इथे सगळे अजूनही ‘टेपिंग’च म्हणतात, टेप कधीच गेली तरी. चित्रण सलग होतं. नंतर कापाकापी करायला वेळ असलेलं कोणी नाही, म्हणून जे बोलाल तेच दिसणार. कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला फ्लोअर मॅनेजर बोटांनी उरलेली मिनिटं दाखवतो: पाच, तीन, एक.

आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ‘बेसन भाजून झालं हे तुम्हाला कसं कळतं?’

किंमत नाही, पत्ता नाही, ऑर्डर नाही. हे सगळं काढून टाकल्यावर माझ्याकडे जे उरलं होतं, नेमकं तेच त्या विचारत होत्या. मी बोलायला लागले. सुरुवातीला बेसन तूप पिऊन घट्ट होतं, कालथा फिरवताना हात भरून येतो. मग एका क्षणी ते तूप सोडतं आणि कालथा अचानक हलका लागतो. रंगावर जायचं नाही, दिवा पिवळा असेल तर फसवतो. वासावर जायचं. कच्चा डाळीचा वास जाऊन खमंग वास दुसऱ्या खोलीत पोचला पाहिजे. माझी आई स्वयंपाकघरात उभी असायची आणि बाहेरच्या खोलीतून आजी सांगायची, ‘आता उतरव.’ शेवटी पाण्याचा एक हबका मारला की फसफसून वर येतं आणि लाडू रवाळ होतो. बेसन गार झाल्यावरच साखर घालायची. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सलग सांगत होते.

मग मेतकूट. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी. धने, जिरे, मोहरी, मेथी, हळद, हिंग, सुंठ. आजारी माणसाला मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. बाईंनी विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी करून घातलं होतं, शेवटचं?’ मी जरा थांबले. त्या थांबू देत होत्या. आपल्याकडे न्यूज चॅनलवर इतका वेळ कोणी गप्प बसलं असतं तर पडद्यावर सहा चौकटी एकदम ओरडायला लागल्या असत्या. इथे कॅमेरा माझ्यावरच राहिला. मी म्हटलं, कॉलेजात असताना मला कावीळ झाली होती, तेव्हा आईने. बिनतुपाचं.

आता इथवर वाचून पुण्यातले आमचे काका लिहितील, ‘म्हणजे तिकडचं सगळं चांगलं!’ नाही काका. हे मी दूरदर्शनवर वाढलेल्या माणसाच्या नात्याने लिहितेय. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि सिंहगडावरच्या टॉवरमुळे आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात ते दिसायचं. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये शेतकरी येऊन बसायचा आणि पिकावरच्या बुरशीसाठी बोर्डोचं मिश्रण कसं करायचं ते शांतपणे सांगायचा. काही विकायचा नाही. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक अर्धं वाक्य बोलून विचार करत बसलेले मी पाहिलेत. बातम्या स्मिता पाटील वाचत होत्या, त्या कुठे ओरडल्या? मुलाखतीत समोरच्याला थांबू द्यायचं असतं हे मी अमेरिकेत शिकले नाही. ते आमच्या घरातल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर शिकले, आणि ‘व्यत्यय’ची पाटी आली तरी उठून न जाता बसून राहिले म्हणून शिकले.

हेही खरं की दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती होत्या. आणि हेही खरं की मुंबई केंद्राच्या वरळीच्या इमारतीत आमच्या वाड्यातली बाई जाऊन ‘मला कॅमेरा द्या’ म्हणू शकली नसती. ते केंद्र होतं सरकारचं, चांगल्या माणसांनी चालवलेलं, पण आपलं नव्हे. ही गोष्ट मला इथे बसून टोचते. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, बायकांनी चालवलेली रेडिओ वाहिनी. तिथे मात्र असं घडतं. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र काढता येऊ लागलं म्हणून ती उभी राहू शकली. पण आपल्या सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. इथे आमच्या गावची सभा, जिथे प्रत्येक मतदाराला हात वर करून मत देता येतं, अगदी आपली ग्रामसभाच, ती सगळी दाखवतात. रस्त्यावर टाकायच्या मिठाला किती पैसे, शाळेच्या छताला किती, यावर माणसं दीड-दीड तास भांडतात. एकही शब्द कापत नाहीत.

त्या गृहस्थांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. बॉस्टनची मोठी सार्वजनिक वाहिनी म्हणजे जीबीएच. नाव पडलं ग्रेट ब्लू हिल या टेकडीवरून, तिथे त्यांचा टॉवर होता. (मला लगेच सिंहगड आठवला.) शेजारच्या केंब्रिजमध्ये राहणाऱ्या ज्युलिया चाइल्ड तिथे आपल्या पुस्तकाबद्दल मुलाखत द्यायला गेल्या, आणि नुसतं बोलण्याऐवजी हॉट प्लेटवर आमलेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, आणि त्यातून ११ फेब्रुवारी १९६३ ला त्यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्या इतक्या गाजल्या, पण कुठल्याही कंपनीच्या मालाची भलामण त्यांनी आयुष्यात केली नाही. जीबीएचसारख्या मोठ्या सार्वजनिक वाहिन्यांनाही हाच नियम: पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव घ्यायचं, पण किंमत नाही, ‘उत्तम’ नाही, ‘घ्या’ नाही.

म्हणजे मला अडवणारा नियम माझ्यासाठी काढलेला नव्हता. हे कळल्यावर घशातला आवंढा गेला.

पण या लोकांचं सगळं सुखाचं चाललंय असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये इथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाला आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले. १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या ज्या महामंडळामार्फत हा पैसा वाटला जायचा, त्याने लगेच ऑगस्टमध्ये कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. बॉस्टनसारख्या शहरात देणगीदार असतात; खेड्यातल्या छोट्या केंद्रांचा मोठा आधार तोच होता. आमच्या गावच्या स्टुडिओचा पैसा वेगळा, तो केबलच्या शुल्कातून येतो. पण लोक केबल सोडून इंटरनेटवर बघायला लागलेत, आणि त्या बघण्यावर हे शुल्क लागत नाही. दरवर्षी पाच टक्के तेच, पण ते कमी कमी रकमेवर. आमच्या घरीही दोन वर्षांपूर्वी केबल काढली. पैसे वाचतात म्हणून. त्या बाकावर बसून हे ऐकताना मी मान खाली घातली होती. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच म्हणू शकते.

मुलाखत शुक्रवारी लागली. तोपर्यंत त्यांनी इंटरनेटवरही टाकली होती. आईने पुण्यात दोनदा बघितली. मला वाटलं, विचारेल की किती डबे गेले. (तीन गेले. तिन्ही त्या स्टुडिओतल्या माणसांनीच घेतले, चित्रण संपल्यावर, बाहेर पार्किंगमध्ये.) तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, ‘त्या बाईंनी तुला एकदाही तोडलं नाही गं.’ मग म्हणाली, ‘आणि बिनतुपाचं होतं, ते बरोबर सांगितलंस. तुला लक्षात होतं?’

पुढच्या महिन्यापासून तीन संध्याकाळी कॅमेऱ्याचं प्रशिक्षण आहे, मी नाव दिलंय. पहिलं काम शाळा समितीच्या सभेचं, कॅमेरा क्रमांक दोन. तीन तास उभं राहावं लागतं म्हणे, तेव्हा बूट चांगले घाला असं त्या हेडफोनवाल्या मुलीने सांगितलंय.