ज्वारी इकत

गेल्या आठवड्यात मायला घेऊन लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराच्या पोरानं शाळूचं पोतं उघडलं. मायनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाढेखाली फोडला आणि विचारलं, "कशी पायली?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. "आजी, किलोनं हाय. 50 रुपये."

"ज्वारी इकत घ्यायची?" हे मला. जणू भाव मीच काढला होता. 10 किलो घेतली. घरी येईपर्यंत माय बोलली नाही.

औसा तालुक्यातल्या आमच्या घरात ज्वारी विकत आणायची वस्तू नव्हतीच. उलट ती देऊन बाकीचं यायचं. सुताराचं, न्हाव्याचं बलुतं खळ्यावरच मोजून जायचं. मीठ, चहापत्ती संपली की माय पदराखाली मापभर ज्वारी झाकून दुकानात निघायची. आणि गारीगारवाल्याची घंटी वाजली की आम्हा पोरांचे हात कणगीत. ओंजळभर ज्वारीला एक गारीगार. (दोन ओंजळी काढल्या की दादांना कळायचंच. कसं, ते आजवर कोडं आहे.) रोख पैसा सुटायचा तो दिवाळीच्या कापडाला, तेही एकाच ताग्यातलं. आम्ही तिघं भाऊ बँडवाल्यांसारखे दिसायचो.

शेत अजून आहे, पण त्यात सोयाबीन. काढलं की आडतीवर टाकायचं, पैसे घ्यायचे. ज्वारी म्हणजे पाखरं राखा, काढणीला माणसं शोधा, कणसं मोडा. जनावरं विकली तेव्हा कडब्याचीही गरज संपली. मीच दादांना म्हणालो होतो, ज्वारी परवडत नाही.

सरकारी पाहणीनुसार देशातल्या खेड्यांत 1999-2000 मध्ये घरखर्चातला 59 टक्के पैसा खाण्यावर जायचा, 2022-23 मध्ये 46 टक्के. उरलेला कुठं जातो हे लातूरकराला विचारू नये. आमच्या पोरीच्या नीटच्या क्लासच्या एका पावतीत आम्हा तिघा भावांच्या दहावीपर्यंतच्या वह्या-पुस्तकांसकट सगळ्या दिवाळ्या बसतील. मी भरतो. कुरकुरतो आणि भरतो.

पण मला खरं टोचतं ते पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही टँकर आणि 20 लिटरचे जार घ्यायला लागलो. दुष्काळ सरला, जार राहिला. माय जारवाल्याचं नाव घेत नाही. "तो पाणी इकणारा आला बघ," एवढंच.

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या. पोरीनं अर्धी खाल्ली आणि ताट सारून मोबाइल उचलला. मायनं ताट परत तिच्यापुढं ओढलं.

"खा गं. इकतची हाय."