रोज ४ किलोमीटर चालणाऱ्या आजी का पडत होत्या

"आई रोज चार किलोमीटर चालते. तिच्या पायांत ताकद नाही असं कसं होईल?" मुलाचा प्रश्न रास्त होता. आजींचं वय ७६, वजन ५८ किलो. सहा महिन्यांत दोनदा पडल्या होत्या. हाड कुठलंही मोडलं नव्हतं, साखर ठीक होती, रक्तदाबाची एकच गोळी चालू होती. पहिल्या खेपेला दोष चपलेला गेला, दुसऱ्या खेपेला पायपुसण्याला. चप्पल बदलून झाली, पायपुसणं उचलून झालं. आता "तोलाचे काही व्यायाम असतील तर सांगा" म्हणून ते आले होते.

पडण्याच्या केसमध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून आधी एकच गोष्ट विचारते: नेमकं काय करताना पडलात? "चक्कर आली", "पाय घसरला" ही कारणं बऱ्याचदा पडल्यानंतर लावलेली असतात. शरीर त्या क्षणी काय करत होतं ते मात्र माणसाला आठवतं. आजींना म्हटलं, सांगू नका, करून दाखवा, मी मागे उभी आहे. कमरेला धरायचा पट्टा बांधला आणि त्यांना हातांच्या खुर्चीत बसवलं. त्या पुढे झुकल्या, उठल्या, उजवीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हं, इथेच." दुसऱ्यांदा? "तेव्हाही उठून वळतानाच." चालताना एकदाही नाही.

हे दाखवताना आणखी एक गोष्ट दिसली. आजी पुढे झुकल्या त्याच क्षणी मुलाचा हात त्यांच्या काखेखाली गेला होता. मी विचारलं, "दादा, आत्ता तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "काही नाही." त्यांना खरंच कळलं नव्हतं. आजींनाही नाही. घरी सून, नातू, मुलगा, जो जवळ असेल तो हात देत होता. कोणी नसेल तेव्हा खुर्चीचे हात होते. मांडीचा स्नायू दिवसातून जेवढ्या वेळा कामाला लागायचा, तेवढ्या वेळा त्याचं काम दुसरंच कोणीतरी करत होतं.

मग मोजायला घेतलं. आधी रक्तदाब, कारण उठताना तोल जातो म्हटलं की उभं राहिल्यावर दाब उतरतोय का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ५ मिनिटं आडवं झोपवून पहिलं माप, उभं राहिल्यावर १ मिनिटाने दुसरं आणि ३ मिनिटांनी तिसरं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्यात दोष धरतात. आजींचं झोपून १३४/७८, नंतर १२६/७६ आणि १२८/७८. इथे काही नव्हतं. तोल बिघडवणारी झोपेची किंवा ॲलर्जीची गोळीही चालू नव्हती. (पुरुष रुग्ण असेल तर प्रोस्टेटची गोळी आवर्जून विचारावी, तिच्यातली काही औषधं उभं राहिल्यावर दाब उतरवतात.)

खुर्चीची चाचणी सोपी दिसते आणि म्हणूनच चुकीची केली जाते. बैठक जमिनीपासून ४३ सेंटिमीटर, गादी नको, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली. हात छातीवर आडवे, पंजे विरुद्ध खांद्यांवर. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजायचं. गुडघे सरळ झाले नाहीत तर ती फेरी धरायची नाही. हातांचा आधार घ्यावाच लागला तर नोंद शून्य. ७५ ते ७९ वयाच्या बाईंकडून निदान १० ची अपेक्षा असते.

आजींना आधी त्यांच्या सवयीने, खुर्चीचे हात धरून उठू दिलं, तर ११ वेळा उठल्या. मुलाचा चेहरा खुलला. मग हात छातीवर बांधायला सांगितले. पहिल्या प्रयत्नात त्या चार बोटं उचलल्या आणि मागे टेकल्या. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा दोन झोके घेतले, धड पुढे फेकलं आणि उठल्या. पण गुडघे एकमेकांना लागले होते, आणि बसताना शेवटच्या वीतभर अंतरात त्या बसल्या नाहीत, पडल्या. गादी असती तर हा धप्प आवाज आला नसता आणि कोणाच्या लक्षात आलं नसतं. एकूण ५.

मुलगा गप्प झाला. आजी म्हणाल्या, "पण मला थकवा येत नाही गं." बरोबरच होतं. थकवा म्हणजे दम, आणि दम त्यांच्याकडे होता.

सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला त्याच्या क्षमतेचा थोडासाच वाटा खर्चावा लागतो. कमजोर पायांनी खुर्चीतून उठताना मात्र जवळजवळ सगळी ताकद लागते. चालण्याने हृदयाला, फुप्फुसाला, मनाला फायदा होतो, ते कोणी सोडू नये. पण ज्या स्नायूवर भारच येत नाही त्याची ताकद चालून वाढत नाही. वयासोबत स्नायू जितका बारीक होतो त्याहून लवकर त्याचा जोर कमी होतो, आणि जोराहूनही लवकर त्याची चपळाई. झटकन आकसणारे तंतू आधी जातात. तोल गेला की सावरायचं पाऊल अर्ध्या सेकंदाच्या आत पडावं लागतं, आणि त्यासाठी तेच तंतू लागतात.

उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला त्यांना १३.८ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त म्हणजे पडण्याचा धोका. पण नुसता आकडा लिहून थांबलं तर हाती काही लागत नाही, वेळ कुठे गेला ते पाहावं लागतं. सरळ चालण्यात काही गेला नव्हता, त्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.९५ मीटर होता. उठायलाच ४ सेकंद लागले. आणि वळताना त्यांनी सहा छोटी पावलं टाकली, जणू जमिनीवर काही सांडलंय.

वळताना क्षणभर सगळं वजन एका पायावर येतं आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूला कंबर सपाट धरून ठेवावी लागते. हा स्नायू तपासताना हमखास फसगत होते. कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ वर उचलायला सांगितला तर आजींनी छान उचलला. पण उचलताना कंबर मागे कलंडली होती आणि चवडा छताकडे वळला होता, म्हणजे उचलणारा स्नायू मांडीच्या पुढचा होता. मी कंबरेमागे माझी मांडी टेकवली, टाच किंचित मागे घेतली आणि चवडा समोर ठेवायला लावला. आता पाय वीतभरही उचलेना. माझ्या दोन बोटांचा दाबही त्याला पेलला नाही. उजवा डाव्यापेक्षा कमजोर. त्या उजवीकडे वळताना पडत होत्या.

एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं त्यांना ४ सेकंद जमलं, १० हवेत. भिंतीला पाठ लावून चवडे उचलताना सातव्या खेपेला बोटं जमिनीवरून सुटेनात. चवडा उचलणारे हे नडगीपुढचे स्नायू दमले की पाऊल फरपटतं आणि पायपुसण्यावर आरोप येतो.

मग प्रश्न आला, हे झालं कधी? मुलाला वाटत होतं वयामुळे. मी विचारलं, गेल्या वर्षभरात अंथरूण धरलं होतं का? आठ महिन्यांपूर्वी न्यूमोनिया झाला होता, जवळजवळ दोन आठवडे पडून होत्या. त्यानंतर महिन्याभरात पुन्हा फिरायला लागल्या, म्हणून सगळ्यांना वाटलं भरून आलं. २००७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात निरोगी वयस्कर माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं, तर त्यांच्या पायांतला सुमारे १ किलो स्नायू गेला. आजी तर आजारी होत्या. चालणं परत आलं, उठबस परत आली नाही, आणि घरच्या प्रेमाने ते झाकलं गेलं.

मुलगा विचारत होता, "या वयात ताकद वाढते?" वाढते. १९९० मध्ये मारिया फियातारोने या संशोधक डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांकडून ८ आठवडे जड वजनाचा व्यायाम करून घेतला होता, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यात 'जड' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरोघरी ज्येष्ठांना बसून पाय हलवायला सांगतात, पन्नास-पन्नास वेळा. त्याने सांधे मोकळे होतात, ताकद येत नाही.

आजींचं काम खुर्चीपासूनच सुरू केलं. ४३ सेंटिमीटरवरून हाताशिवाय नीट उठता येत नव्हतं, म्हणून बैठकीवर कापडाची घट्ट घडी ठेवून ८ सेंटिमीटर उंची वाढवली. मऊ उशी चालत नाही, ती दबते आणि उंची रोज बदलते. खुर्ची भिंतीला, पाय अनवाणी, मोजे अजिबात नकोत. टाचा गुडघ्यांच्या मागे ओढायच्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत झुकायचं, आणि एका दमात झटकन उठायचं. बसताना मात्र एक ते चार मोजत, शेवटची वीतभरही सोडून द्यायची नाही. आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. गुडघे आत येत असतील तर मांड्यांना सैल पट्टी बांधून ती बाहेर ताणून धरायची. ८ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा ८ वेळा. एक दिवस आड, आठवड्यातून तीनदा.

संपल्यावर विचारायचं, अजून किती जमल्या असत्या? दोन-तीन असं उत्तर आलं तर भार बरोबर. "कितीही" असं आलं तर घडी कमी करायची. इथे बहुतेक लोक चुकतात, भार वाढवण्याऐवजी संख्या वाढवतात. स्नायू दोन दिवस दुखला तर चालतं. गुडघा सुजला तर उंची पुन्हा वाढवायची. छातीत दुखलं, धाप थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

खुब्यासाठी घोट्याला १ किलोची पट्टी बांधून, ओटा धरून पाय बाजूला उचलायचा. धड उलट बाजूला झुकायला लागलं की पट्टी काढायची. शिवाय टाचा उचलणं, चवडे उचलणं, आणि समोर ओटा, मागे खुर्ची ठेवून पावलामागे पाऊल लावून उभं राहणं. तोलाचा भाग गाळायचा नाही, ताकद आली तरी ती वेळेवर वापरायला शरीराला सराव लागतो.

जेवणाबद्दल थोडंच सांगितलं: त्यांच्या वजनाला दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम प्रथिनं, तिन्ही जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. मुलाने ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन द्यायचं का विचारलं. कमतरता असेल तर भरून काढावी, पण वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया कमी नाही, जास्त पडल्या, हे २०१० च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

घरच्यांना एकच काम दिलं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. आजी उठताना शेजारी उभं राहायचं, तळवा त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब ठेवायचा आणि त्या पडायला लागल्या तरच लावायचा. मुलगा पहिल्या आठवड्यात दर वेळी विसरायचा.

सहाव्या आठवड्यात घडी पूर्ण निघाली. तेव्हाच जमिनीवरून उठायलाही शिकवलं: कुशीवर वळा, कोपरावर या, मग हातगुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, हात बैठकीवर, जोराचा पाय पुढे रोवून उठा. पडून तासापेक्षा जास्त वेळ जमिनीवर राहणं हे पडण्याइतकंच वाईट, स्नायू चेंगरून त्याचा मार मूत्रपिंडांवर बसू शकतो.

बाराव्या आठवड्यात पुन्हा मोजलं. हात छातीवर, ४३ सेंटिमीटर, ३० सेकंदांत ९. उठून-चालून-वळून बसायला ११.२ सेकंद, वळताना चार पावलं. मधल्या काळात पडल्या नाहीत, पण तीन महिने हा काळ थोडा आहे, त्यावरून काही म्हणणार नाही. पावलामागे पाऊल अजून ७ सेकंदच, आणि उजवा खुबा डाव्याच्या मागे आहे. आता छातीशी २ किलो धरून उठायचं आहे, आणि उजव्या घोट्याची पट्टी दीड किलोची केली आहे.