एका हिकरीसाठी पाच महिने

आमचं घर ओहायोत, ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात. मागच्या अंगणाचा शेवटचा पट्टा पाऊस पडून आठवडा झाला तरी पचपचीत असतो. तिथे लावलेला मेपल दोनदा कुजला. मग कळलं की अशा नदीकाठच्या ओल्या, जड मातीतच मूळचं वाढणारं एक झाड आहे, शेलबार्क हिकरी. अक्रोडाच्या कुळातलं. सगळ्या हिकऱ्यांत मोठं फळ याचंच.

ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून ऑक्टोबर २०२२मध्ये वीस बिया आणल्या. पाण्यात टाकल्यावर तरंगल्या त्या फेकून दिल्या. त्यांत बहुधा किडा असतो. उरलेल्या ओलसर पीट मॉसमध्ये घालून चार महिने फ्रिजमध्ये ठेवल्या. एप्रिलमध्ये सहा उगवल्या. हे सगळं सोपं होतं.

अडलं ते सोसायटीत. आमच्या वसाहतीत झाड लावायचं तर अर्ज करून समितीची मंजुरी घ्यावी लागते. मे महिन्यात अर्ज दिला. तीन आठवड्यांनी परत आला: 'यादीत नाव नाही.' ती यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा डोकंच तापलं. तिच्यात ब्रॅडफर्ड पेअर होतं! हे परदेशी झाड रानभर पसरतं म्हणून जानेवारी २०२३पासून ओहायोत त्याच्या विक्रीवर बंदी आहे. ते चालतं, आणि घरं होण्याआधी ज्याचं रान याच नदीकाठी होतं ते झाड चालत नाही.

दुसरा अर्ज शास्त्रीय नावासकट दिला, कॅरिया लॅसिनिओसा. उत्तर आलं की हे झाड ओल्या जमिनीत टिकत नाही. त्यांनी शॅगबार्क हिकरीची माहिती वाचली होती! दोन्हींची साल लांब ढलप्यांनी सुटते, नावंही सारखी, पण शॅगबार्कला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. तिच्या पानात बहुधा पाच पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) असतात, शेलबार्कच्या पानात सात. तुम्ही अर्ज करणार असाल तर हा फरक पहिल्याच पानावर लिहा, फोटो जोडा. मी जोडला नव्हता, त्यात दीड महिना गेला.

तिसऱ्यांदा नवंच कारण: कुंपणालगतचा पट्टा सांडपाण्याच्या वाटेसाठी राखीव आहे, तिथे मुळं नकोत. हे मात्र रास्त होतं. पण पट्टा किती रुंद, हे कोणी सांगेना. दर सोमवारी फोन, दर वेळी 'कळवतो'. शेवटी काउंटीच्या कार्यालयातून आमच्या प्लॉटचा नकाशा स्वतः काढून आणला. दहा फूट. मी टेप धरून मोजलं, चौदा फुटांवर खुंटी ठोकली, तिचा फोटो काढला आणि समितीच्या मासिक बैठकीला जाऊन बसले. खरं तर हा नकाशा पहिल्या दिवशीच आणायचा.

तोवर ऑगस्ट संपला होता. रोपं दुधाच्या उंच कार्टनमध्ये होती. एके दिवशी कार्टन उचललं तर खाली ओढ लागली: सोटमूळ तळ फोडून थेट गवताखालच्या मातीत शिरलं होतं. वर रोप माझ्या वितीएवढं, खाली मूळ त्याच्या दुप्पट. तीन रोपांची मुळं आत गोल फिरली होती. हिकरीचं सोटमूळ एकदा वळलं की झाड पुढे कायम कमजोर राहतं, आणि ही तीन केवळ कागद हलत नाही म्हणून गेली. त्याचा राग अजून जात नाही. कुंडी निदान दीड फूट खोल घ्या. शक्य असेल तर बी थेट जागेवरच पेरा, वर जाळी घालून, कारण खारी हमखास उकरतात.

मंजुरीचं पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी ते दोनदा वाचलं आणि आईला पुण्याला फोन केला. "फळं कधी येणार गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, साधारण चाळीस वर्षांनी. ती म्हणाली, "मग आजच लाव."

त्याच शनिवारी लावायचं होतं, पण खड्डा खणण्याआधी ८११ला फोन करून जमिनीखालच्या तारा-नळ्यांची खूण करून घ्यावी लागते, त्यात आणखी काही दिवस गेले. फोन फुकट आहे, मंजुरीची वाट बघत असतानाच करून ठेवा असं मात्र नको. खुणा पावसाने पुसतात.

तीनांपैकी एक चौदा फुटांवर लावलं, दोन त्या शेतकऱ्याला परत दिली. दोन वर्षं झाली, अजून गुडघ्याच्या खालीच आहे. या मे महिन्यात मात्र वरच्या पानावर सात पर्णिका मोजल्या.