आत्तीची अर्धी वाकळ

अमेरिकेत नेब्रास्कातल्या ज्या लिंकन शहरात मी राहते, तिथं क्विल्टचं, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचं, मोठं संग्रहालय आहे. १९९७ साली रॉबर्ट आणि आर्डिस जेम्स या दांपत्यानं आपल्याकडचे साडेनऊशेच्या आसपास क्विल्ट तिथल्या विद्यापीठाला दिले, त्यातून ते उभं राहिलं. माझ्या शेजारणीही क्विल्ट शिवतात. जुनं काम हातात आलं की आधी उलटं करून पाठ बघायची, ही सवय मला त्यांनी लावली. यंदा सुट्टीला कोल्हापुरात आले आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर आत्तीची अर्धी शिवलेली वाकळ, म्हणजे आपली गोधडी, सापडली, तेव्हा तेच केलं.

आत्ती कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची. वाकळीला वर तिच्या सासूबाईंची इरकली लुगडी, आत धोतरं, खाली एक जुनं नऊवारी. वाकळीत कडेनं धावदोरा घालत मधे यायचं असतं. चारी बाजूंनी वीतभर काम झालं होतं. मग २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, चिखली पाण्यात गेली. घरी परतल्यावर आत्तीनं वाकळ धुतली, वाळवली, गाठोडं बांधून आमच्याकडं पाठवलं. पुन्हा सुई धरली नाही. घर सावरण्यातच तिचं सगळं बळ गेलं होतं.

गढूळ पाण्याचे डाग राहिले होते, ते मला चालणार होते. खरी काळजी काळ्या तुकड्यांची. काळ्या सुती कापडाला पुष्कळदा गंधकाचा रंग असतो. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यात आम्ल तयार होतं आणि सूत आतून विरतं. दोन अंगठ्यांत धरून हलकंच ताणलं की कळतं. आत्तीचे काळे तुकडे तसेच फाटत होते. लाल, हिरवे मात्र पक्के.

लिंकनमध्ये शिकल्याप्रमाणे मी विरलेला तुकडा न काढता वरून बारीक जाळी लावायचं म्हटलं. आत्ती म्हणाली, "जाळी कशाला गं? पोरांच्या पायाची बोटं अडकतील त्यात. अंथरायची हाय, का भिंतीला टांगायची?"

तिचं बरोबर होतं. संग्रहालयातल्या क्विल्टवर कुणी झोपत नाही. गाठोड्यातच लुगड्यांचे कापून ठेवलेले काठ होते, अजून मजबूत. ते काळ्या तुकड्यांवर आडवे ठेवून टाचले आणि सगळ्या थरांतून दोरा घातला. विरलेलं कापड आत तसंच राहिलं.

आत्तीचे जुने टाके उसवायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. अमेरिकेत हातशिलाईत इंचाला आठ-दहा टाके पडले की कौतुक होतं, पण तिथं मधे कापसाचा एकच पातळ थर असतो. धोतरांच्या इतक्या घड्यांतून तेवढा बारीक टाका निघतच नाही. आत्तीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा त्याहून लांब आणि जरा तिरका. तिचा दोरा पांढरा, मी मुद्दाम पिवळा घेतला. कुणाचा हात कुठं थांबला आणि कुणाचा कुठं सुरू झाला, हे वाकळीवर दिसायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याही माळ्यावर असं गाठोडं असेल तर आधी उन्हात उघडा, काळे तुकडे तपासा, गार पाण्यात रिठ्यानं हातानंच धुवा. मशिनमध्ये घालू नका.

वाकळ चिखलीलाच गेली. आत्तीचा नातू दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर झोपतोय.