ब्रिस्टलचं न्यू रूम आणि आठवड्याची एक पेनी

मंडळी, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ब्रॉडमीडमध्ये नुसती शोरूम्स आणि कपड्यांची दुकानं, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या सगळ्याच्या मधोमध १७३९ साली बांधलेलं एक चर्च आहे, न्यू रूम. मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ, आणि जगातली त्यांची सगळ्यात जुनी इमारत ही. अंगणात घोड्यावर बसलेल्या माणसाचा पुतळा आहे. आपल्याकडे घोड्यावरचा पुतळा म्हटला की शिवाजी महाराज नाहीतर झाशीची राणी, पण हा कोणी राजा नाही, जॉन वेस्ली, हा पंथ सुरू करणारा, वर्षानुवर्षं घोड्यावरून गावोगाव फिरून प्रवचनं करणारा पाद्री.

आत गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की उजेड वरून येतो. छताला अष्टकोनी झरोका आहे, खाली रस्त्याच्या बाजूला खिडक्या नाहीत. वेस्लीच्या सभांवर तेव्हा दगडफेक व्हायची. व्यासपीठ दोन मजली, आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावर फिरस्त्या प्रवचनकारांच्या राहायच्या छोट्या छोट्या खोल्या. गरिबांना औषधंही इथूनच मिळायची.

वेस्ली इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचाच पाद्री होता, पण बऱ्याच चर्चांनी त्याला दारं बंद केली, मग १७३९ च्या एप्रिलपासून तो ब्रिस्टलमध्ये उघड्यावरच बोलायला लागला आणि शेजारच्या किंग्सवुडचे कोळसा खाणीतले मजूर ऐकायला यायला लागले. पण मला खरं आवडलं ते पुढचं. इमारतीवर कर्ज झालं होतं. १७४२ मध्ये ते फेडायचं कसं म्हणून बैठक बसली, तर एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेवढंही झेपत नाही. तर फॉय नावाचे एक कॅप्टन उठले आणि म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्यांच्याकडे काही नसेल त्यांची पेनी मी भरीन.

झालं, बारा-बारा जणांचे गट पडले. आपल्याकडे वर्गणीवाला पावती फाडतो आणि पुढच्या दाराला जातो, इथे तो दर आठवड्याला येणार म्हटल्यावर कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलंय, कोण पुन्हा दारूला लागलंय हे सगळं त्याला दिसायला लागलं. वेस्लीच्या ते लक्षात आलं आणि पैसे गोळा करणारेच गटाचे प्रमुख झाले, बायकासुद्धा. मला तर वाटतं या चर्चचा खरा पाया प्रवचनात नाही, त्या घरोघरच्या फेरीत आहे.

मी ख्रिश्चन नाही, पण मुलाचा प्लेग्रुप आमच्या घराजवळच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये भरतो म्हणून जाणंयेणं आहे. पाचोऱ्याहून आप्पांनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न केला, "तिथला मुख्य कोन?" मी म्हटलं आप्पा, मिनिस्टर म्हणजे पाद्री असतात, पण एका मिनिस्टरकडे पुष्कळदा बरीच चर्च, आसपासच्या चर्चांच्या गटाला सर्किट म्हणतात, आणि साधारण पाच वर्षांनी पुष्कळदा बदली, तीही एक सप्टेंबरला. "मंग बाकीचं कोन पाह्यतं?" तर स्टुअर्ड पाहतात, म्हणजे साधी माणसं, आमच्याकडे एक रिटायर्ड नर्स आहेत, किल्ल्यांचा हा मोठा जुडगा पर्समध्ये घेऊन सगळ्यात आधी येतात, हीटर लावतात, खुर्च्या मांडतात आणि गेल्या रविवारी कोण आलं नाही त्याला फोन करतात. त्यांनाही सहसा सलग सहा वर्षांच्या वर राहता येत नाही. नोटीस बोर्डावर तीन महिन्यांचा तक्ता असतो, एकीकडे चर्चांची नावं, एकीकडे रविवार, आणि चौकटीत त्या दिवशी कोण बोलणार त्याचं नाव, त्यातही पुष्कळसे लोक पाद्री नसतातच, नोकरी सांभाळून शिकलेले लोकल प्रीचर.

पार वरच्या पदाचंही तसंच. ब्रिटनच्या मेथडिस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे त्यांच्या दरवर्षी भरणाऱ्या सर्वोच्च सभेचा, अध्यक्ष फक्त एक वर्षासाठी. बायकांना पाद्री व्हायला मात्र १९७४ उजाडावं लागलं, हा उशीर मला खटकतोच, पण १९९२ मध्ये कॅथलीन रिचर्डसन अध्यक्ष झाल्या आणि २००० मध्ये इंदरजीत भोगल, केनियात एका शीख घरात जन्मलेले! हे ऐकून आप्पा उठून नीट बसले.

आणि याच न्यू रूममध्ये १७७१ च्या कॉन्फरन्सला फ्रान्सिस ॲस्बरी नावाचा तरुण अमेरिकेला जायला तयार झाला, तिकडे त्याने चर्च वाढवलं, आणि त्याच अमेरिकन चर्चने १८५६ मध्ये विल्यम बटलरला भारतात पाठवलं, बरेलीला. पुढे त्याच चर्चचे विल्यम टेलर मुंबईत आले. आपल्या नवापूरकडचं चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल मात्र यांचं नाही हं, ते वेगळ्या मिशनचं, मलाही खूप जण विचारतात म्हणून सांगितलं.

आमच्याकडच्या मिनिस्टर या सप्टेंबरला जातायत. नव्या येईपर्यंत तक्ता भरायचं काम चाललंय, आणि नर्सबाईंची मुदतही संपत आलीय, म्हणून त्या एका तिशीतल्या बस ड्रायव्हरला कुठली किल्ली कुठे लागते ते दाखवत फिरतायत.