हिमगौरीच्या पाठीतला धपाटा

परवा दुपारी घरातली मुले 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' पाहत बसली होती आणि मी वर्तमानपत्राआडून तोच चित्रपट पाहत होतो. राणी रूप पालटण्याचा काढा पिते, तिचे केस पांढरे होतात, हात वाळून त्यांचे पंजे होतात, त्या प्रसंगाला मी लहानपणी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेत असे, बोटांमधल्या फटी मात्र ऐसपैस ठेवलेल्या असत, आणि शेजारी बसलेल्या आईला “झालं का? उघडू का डोळे?” असे मी विचारत असे ते केवळ रीत म्हणून.

राजपुत्राला मी तेव्हाही खिजगणतीत धरत नसे. सुरुवातीला विहिरीपाशी येऊन तो गाणे म्हणतो आणि जो नाहीसा होतो तो शेवटी श्रेय घ्यायला हजर. १९३७ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटाच्या चित्रकारांना सातही बुटके हवे तसे वळवता आले, पण हा सरळ नाकाचा तरुण काही केल्या खरा वाटेना, म्हणून त्याचे काम कमी केले गेले. उलट बुटक्यांना जेवणाआधी हात धुवायचे तर त्यासाठी अख्खे गाणे आहे. त्यांच्या सूप पिण्याचा प्रसंगही वॉर्ड किम्बल यांनी चितारला होता. कथा रेंगाळते म्हणून वॉल्ट डिस्ने यांनी तो वगळला. माझ्या मते राजपुत्र वगळून सूप ठेवायला हवे होते.

त्याने हिमगौरीला उठवले, हेच मुळात मला मान्य नाही. ग्रिम बंधूंच्या कथेत चुंबन नाहीच. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत राजपुत्राला तिच्या काचेच्या पेटीवाचून करमत नाही, म्हणून नोकरांना ती पेटी दिवसभर या दालनातून त्या दालनात वाहून न्यावी लागते. अखेरीस वैतागलेला एक नोकर पेटी उघडून त्या मेलेल्या मुलीच्या पाठीत धपाटा घालतो, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती जिवंत होते. पुढे हा नोकर सभ्य झाला: नंतरच्या आवृत्तीत पेटी वाहणारे झुडपाला अडखळतात आणि त्या हिसक्याने तुकडा निघतो. मला धपाटाच आवडतो. मुलांना तर तो इतका आवडला की एकमेकांच्या पाठी बडवण्याच्या नादात चित्रपटाचा शेवट त्यांनी पाहिलाच नाही.

त्याच पहिल्या आवृत्तीतली राणी हिमगौरीची सावत्र आई नाही, सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हे मात्र मी मुलांना सांगितलेले नाही.