मदेराचे न उडणारे भुंगेरे

पोंता दि साओ लोरेन्सो हे मदेरा बेटाचं पूर्वेकडचं टोक. झाड नावाला नाही. तांबूस ज्वालामुखी कडे, दोन्ही अंगांना खोल अटलांटिक, आणि वारा. डोक्यावर टोपी ठरेना, शेवटी ती पिशवीत कोंबली. वाट निमुळती होते तिथे कठड्याची तार घट्ट धरून पाऊल टाकत होते.

लोक इथे कडे बघायला येतात. मला भुंगेरे बघायचे होते. थॉमस वोलॅस्टन हा इंग्रज कीटकतज्ज्ञ १८४७ साली फुप्फुसाच्या दुखण्यामुळे मदेरावर हवापालटासाठी आला आणि भुंगेरे गोळा करत राहिला. त्याच्या नोंदींवरून डार्विनने १८५९ च्या ग्रंथात लिहिलं की इथल्या ५५० जातींपैकी २०० जातींचे पंख इतके खुरटलेत की त्यांना उडताच येत नाही. जे जास्त उडतात ते वाऱ्याबरोबर समुद्रात जातात, जमीन न सोडणारे मागे उरतात, असा त्याचा तर्क. खुद्द वोलॅस्टनला डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत पटला नव्हता, १८६० साली त्याने त्या ग्रंथावर कडक टीका लिहिली. तरीही त्याच्या चोख नोंदींबद्दल मला फार आदर वाटतो.

एका सपाट दगडाच्या आडोशाला सापडला एक, काळा, करंगळीच्या नखाएवढा. पालथी पडून भिंगातून पाहिलं. भुंगेऱ्याच्या पाठीवरची दोन टणक झाकणं उडताना उघडतात. याची मधली शिवण मात्र दिसेल न दिसेल इतकी मिटलेली. न उडणाऱ्या कित्येक जातींत ही झाकणं कायमची सांधली जातात. वाऱ्याचा झोत आला की तो सहाही पाय रोवून थांबायचा, झोत ओसरला की पुढे. समोर समुद्रात देझेर्ताश बेटांची रांग दिसत होती. ती आणखी उघडी, आणि तिथे बिनपंखी भुंगेऱ्यांचं प्रमाण मदेराहूनही जास्त.

पण वारा फक्त वाहून नेतो असं नाही. उडण्याचे स्नायू पोसायला खूप ऊर्जा लागते, आणि सोसाट्यात उडणं आणखी महाग पडतं. तीच ऊर्जा अंड्यांकडे वळली तर संतती वाढते. दक्षिण महासागरातल्या बेटांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथले जवळपास निम्मे मूळ कीटक उडत नाहीत. जगभरात हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. त्या अभ्यासात वाऱ्याचा वाटा मोठा दिसला, एकमेव मात्र नाही.

ते दुसऱ्या दिवशी रिबेरो फ्रिओच्या लॉरेल जंगलात लक्षात आलं. पान हलत नव्हतं. तरी कुजक्या ओंडक्याखालून पळणाऱ्या इथल्या भुंगेऱ्यांतही बिनपंखी जाती पुष्कळ. आटणाऱ्या डबक्यातल्या किड्याला दुसरं डबकं गाठायला पंख हवेतच. हे जंगल पिढ्यान्पिढ्या जागचं हललेलं नाही. ओलावा इथेच, भक्ष्य इथेच, जोडीदारही इथेच. मग जायचं कुठे? मला तर वाऱ्याइतकंच हे कारणही वजनदार वाटतं.

फुलांवर जगणाऱ्यांना मात्र उडणं सोडून चालत नाही. वोलॅस्टनच्या अंदाजाप्रमाणे इथल्या फुलपाखरांचे पंख खुरटले नाहीत, उलट थोडे वाढलेच. पाटाच्या कडेला उन्हाचा एक कवडसा पडला होता. त्यात तपकिरी, पिवळसर ठिपक्यांचं एक फुलपाखरू पंख पसरून बसलेलं, फक्त मदेरावर सापडणारं. दुसरं जवळ येताच ते झेपावलं, दोघं गिरक्या घेत फांद्यांपर्यंत चढली, आणि पहिलं पुन्हा त्याच कवडशात येऊन बसलं.